जैनबचाचीचे तीन ढीग

कापड हातात आलं की जैनबचाची आधी ते कानाशी न्यायच्या. दोन्ही हातांच्या चिमटीत कड धरून बोटभर फाडायच्या. चर्र असा करकरीत आवाज आला, तर कापडात दम आहे. आवाज बसका आला, तर ते मधल्या वयाचं. आणि काहीच आवाज न होता कापड नुसतं सुटत गेलं, तर ते म्हातारं. तसं ते समोरच्या तीन ढिगांपैकी एकात जाऊन पडायचं. रंग आणि नक्षी त्या मागाहून बघायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा माझी एक जुनी साडी त्यांनी अशीच कानाशी धरून फाडली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लई धुतलीस ग हिला. आता वर न्हाय, गोधडीच्या आत घालू."

अंथुर्ण्याच्या बाजाराच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा शिंपी होता. तो गेल्यावर मशीन राहिलं, पण चाची मशीनवर कधी बसल्या नाहीत. गावातल्या बाया जुनी लुगडी, धोतरं, परकर, चादरी घेऊन यायच्या आणि चाची त्यांच्या गोधड्या शिवून द्यायच्या. पोटाला तेवढं पुरायचं. एक मुलगी, शाहीन, बारामतीजवळ कन्हेरीला दिलेली. बाकी कुणी नाही.

गोधडी म्हणजे चिंध्या जोडायच्या आणि धावदोरा घालायचा, असं मला वाटायचं. चाचींकडे सहा महिने बसल्यावर कळलं की सुई हातात घेईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. साडी आली की आधी काठ काढून बाजूला. मग फाडणं. "कात्रीनं कापलं की कात्री म्हनंल तसं कापड जातं. फाडलं की कापड आपल्या सुतानं जातं," असं म्हणायच्या. कात्री फक्त शिवणी आणि डाग काढायला. मग धुणं, मग ढीग. खताच्या रिकाम्या पोत्यांचे धुवून केलेले तीन तळवट, त्यावर तीन ढीग. एका ढिगातलं कापड दुसऱ्याच्या शेजारी लावायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं काम ठेवून सांगितलं, "नवं कापड पान्यात आकसतं. आकसताना शेजारच्याला ओढतं. शेजारी नवंच असंल तर दोगं मिळून आकसतील. जुनं असंल तर ते बिचारं कुठवर ओढून घील? फाटतंय मग. आन् लोक म्हनत्यात, जुनं हुतं म्हनून फाटलं."

मी डी.एड. केलेली, पण शाळा कधी मिळाली नाही. सासरी अंथुर्ण्याला आल्यावर घरच्या उसाच्या कामात आणि दोन म्हशींत दिवस जायचे. चाची मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या, आणि त्यात चेष्टा असायची. "शाळा मिळाली न्हाय म्हनून आमालाच शिकवाया आली व्हय?" पण टाका वाकडा गेला की चेष्टा बंद. तो टाका त्या मला उसवायला लावायच्या. स्वतः कधी उसवून दिला नाही.

त्यांच्याकडचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका घरची सासू दोन पिशव्या भरून कपडे घेऊन आली. मागं तिची नवी सून. पिशवीत सुनेचा लग्नातला शालू होता, अजून घडी न मोडलेला. सासू म्हणाली, "पेटीत पडून किडंच खानार. घाला ह्यात." चाचींनी शालू मांडीवर घेतला आणि सुनेला विचारलं, "तुझ्या मनात हाय का?" सुनेनं सासूकडं बघितलं. सासू म्हणाली, "तिला काय इचारता?" चाचींनी शालूची पुन्हा घडी घातली आणि सुनेच्या हातात दिला. "लुगडं जिचं, तिनं हो म्हनल्याबिगर मी फाडत न्हाय." सासू रागारागानं दोन्ही पिशव्या घेऊन गेली. गोधडीचं काम गेलं. चाची म्हणाल्या, "जाऊ दे. ती पोरगी आयुष्यभर त्या गोधडीत निजली असती, आन् एक दिस झोप लागली नसती."

असं माणूस होतं. आणि त्यांना बचत गटात मीच ओढलं.

आमच्या गटात दहाजणी होत्या, सगळ्या एकाच भावकीतल्या. अध्यक्ष शोभाअक्का, माझी चुलत जाऊ. आमची घरं भिंतीला भिंत लावून. गटानं पापड केले, मसाले केले, चाललं नाही. मी म्हटलं, गोधड्या करू. पुण्यातल्या एका दुकानवालीशी माझी ओळख झाली होती. तिनं दिवाळीच्या आधी चाळीस गोधड्या मागितल्या. चाची अकरावी म्हणून गटात आल्या आणि कापड निवडण्याचं, फाडण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. मला फार आनंद झाला होता. शाळा नाही मिळाली, पण दहा बायका माझ्या शब्दावर बसत-उठत होत्या. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

जुन्या साड्या पुरेनात म्हणून बारामतीच्या एका कपड्याच्या कारखान्यातून कटिंगचे तुकडे आणले. कोरे, चटक रंगाचे. बाया खूश झाल्या. चाचींनी एक तुकडा कानाशी धरला, फाडला आणि म्हणाल्या, "हे दोनदा गरम पान्यातनं काढायचं. चांगलं वाळवायचं. मग नव्याला नवं लावायचं. जुन्यात घालायचं न्हाय." भाद्रपदाचं आभाळ, ऊन नाही. एका खेपेचं वाळायला चार-चार दिवस. मी दिवस मोजत होते. त्यात कन्हेरीहून निरोप आला, शाहीन बाळंत झाली. चाची दहा दिवसांसाठी गेल्या. जाताना माझ्या पडवीत तीन ढीग लावून गेल्या. वर फडकी झाकली आणि म्हणाल्या, "मी येस्तवर मोडू नगं."

त्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. दुकानवालीला गोधड्या आठवडाभर आधी हव्या होत्या, आणि रंग उठून दिसायला हवेत असं तिचं म्हणणं. नुसत्या जुन्या साड्यांचं मळकट दिसतं म्हणाली. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पडवीत बसले आणि तिन्ही ढीग एकत्र केले. फिक्या जुन्या साडीच्या शेजारी कोरा लाल तुकडा, त्याच्या शेजारी पुन्हा जुनी साडी. दिसायला फार सुरेख दिसत होतं. संध्याकाळी बाया आल्या तेव्हा मी रचना मांडून दाखवली. चाचीच तशी लावून गेल्या असं त्यांनी धरलं असावं, मी तसं धरू दिलं, आणि त्या शिवायला बसल्या.

चाची परत आल्या तेव्हा बावीस गोधड्या झाल्या होत्या, बाकीच्या शिवणीत होत्या. त्यांनी एकीवरून हात फिरवला. बाया गेल्यावर मला विचारलं, "ढीग कुनी मोडलं?"

"मीच. वेळ नव्हता, चाची."

"उसवायचं का?"

"आता कुठं उसवता? चार दिवसांत गाडी येईल."

त्यांनी ती गोधडी घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मग गिऱ्हाइकाला तूच सांग. पान्यात घालू नगा म्हनावं." मी हो म्हटलं. सांगितलं नाही. गोधडी धुवायची नाही असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पौषात पुण्याहून पोती परत आली. पहिल्याच धुण्यात गोधड्या चुरमडल्या होत्या. लाल तुकड्यांच्या कडेनं जुनी साडी जागोजाग उसवून, फाटून निघाली होती. माझ्या पडवीत अकराजणी बसल्या. शोभाअक्कानं एक गोधडी उलगडून सगळ्यांपुढं टाकली. एकीनं भोकातून हात घालून दाखवला. मग शोभाअक्कानं विचारलं, "कापड कुनी लावलं हुतं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कापडाचं काम जैनबचाचींकडं होतं."

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून आलं. चाची माझ्यासमोर दाराजवळ बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि मग मला खरं सांगावंच लागेल. त्या बोलल्या नाहीत. एकजण म्हणाली, बाहेरचं माणूस घेतलं की असंच होतं. दुसरी म्हणाली, वय झालं आता त्यांचं, दिसत नसंल. चाचींनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली, उठल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्यांच्या बाजूनं बोलणारं त्या पडवीत कुणी नव्हतं. ते वाक्य बोलायच्या आधीच हे मला माहीत होतं.

गावात बोलणं पसरायला आठवडा लागला नाही. चाचीची गोधडी धुण्यात फाटते. ज्या बाया वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कपडे टाकायच्या, त्या बाजारातून ब्लँकेट आणू लागल्या. मी बाजारात गेले की त्यांच्या घरासमोरचा रस्ता टाळायचे. वर्ष-दीड वर्ष त्यांनी कसंबसं काढलं, मग घराला कुलूप लावून त्या कन्हेरीला लेकीकडे गेल्या. गट मात्र चालला. मी पुण्याच्या बाईची समजूत घातली, नव्यानं काम घेतलं, आणि या वेळी तीन ढीग करून. आसपासच्या गावांतल्या गटांना शिकवायला मला बोलवू लागले. कापड कानाशी धरून कसं फाडायचं ते मी दाखवायचे. बाया वहीत लिहून घ्यायच्या. ही पद्धत कुणाची, असं एकदा एकीनं विचारलं. मी म्हणाले, आमच्याकडची जुनी आहे.

माझं माहेर पणदऱ्याचं. तिकडं जाताना एकदा वाट वाकडी करून मी कन्हेरीला गेले. चाची ओट्यावर नातीचे केस विंचरत होत्या. खूप वाळल्या होत्या. शाहीननं चहा दिला आणि ती दारातच उभी राहिली, आत गेली नाही. मी म्हणाले, "चाची, माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी आधी नातीची वेणी पुरी घातली. मग म्हणाल्या, "तुझं चुकलं हे मला ठावं हाय. मला सांगाया इतक्या लांब कशाला आलीस? ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांग."

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून थांबले हुते."

मी मान खाली घातली. म्हणाले, "सांगते. गटात सगळ्यांसमोर सांगते."

"कवा?"

"पुढच्या बैठकीत."

"बरं," त्या म्हणाल्या. "सांगितलंस की निरोप धाड. मग माफीचं बघू."

त्यानंतर अकरा बैठका झाल्या. प्रत्येकीला जाताना मी ठरवून जायचे. कधी बाया कमी असायच्या, कधी कुणी पाहुणी आलेली असायची, कधी सगळ्या हसत-खेळत असायच्या आणि ते मोडवत नसे. मी निरोप धाडला नाही. शेवटी निरोप तिकडूनच आला. शाहीनच्या नवऱ्यानं फोन केला, अम्मी पहाटे गेल्या, दुपारी दफन आहे. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शाहीन मला बघून फक्त म्हणाली, "फोनची वाट बघत हुती ती. रोज न्हाय, पन बघायची."

पुढच्या बैठकीत मी सांगितलं. सगळं, दुपारच्या त्या ढिगांपासून. बोलून झाल्यावर मी खालीच बघत बसले. आता बाया काय म्हणतील, मला गटातून काढतील का, याची मी वाट बघत होते. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

शोभाअक्का म्हणाली, "ठावं हाय की आमाला. तुझी पडवी माझ्या परसातनं दिसती. तवाच बघितलं हुतं म्या."

मी वर बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं हुतं?" शोभाअक्का म्हणाली. "पुन्याची बाई तुला वळखत हुती. तू गेली असतीस तर गटच बसला असता. चाचीबिगर चालन्यासारखं हुतं." मग तिनं मांडीवरचे दोरे झटकले. "आता मेल्या मानसाचं काय घिऊन बसलीस? कुनीतरी च्या ठिवा ग."

घर माझं होतं. चहा ठेवायला मी उठले.