लाल औषध बंद

बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर केमोथेरपी घेणाऱ्या काकू खमरियाहून बसने येत. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरल्याने दोघींनाही दोन औषधे एकत्र चालू होती, त्यातले एक लाल. सुई लागताना त्या नर्सला सांगत, "दीदी, आराम से, मैं कहाँ भाग रही हूँ." मग एका हाताने मटार सोलत बसत.

एकदा त्यांना लाल औषध लावलेच नाही. बहीण म्हणाली, "सुटल्या तुम्ही, काकू. माझं केव्हा बंद करतील?"

थोड्या वेळापूर्वी डॉक्टर काकूंना सांगताना मी ऐकले होते: हृदय कमजोर झाले आहे, हे औषध आता देता येणार नाही, आणि आजार वाढतो आहे.

"करतील ना," काकू म्हणाल्या. "माझं तुझ्याआधी सुरू झालं होतं, म्हणून आधी बंद झालं."