दोन कार्बोरेटर आणि एक झटपट कबुली

ती केस आजही आठवते, आणि खरं तर ती माझ्या नोकरीतली नाहीच. इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो आणि शारजाला, अल नहदाला, मुलीकडे राहायला आलो. इथे ना वर्दी, ना स्टेशन डायरी. तरी एका सकाळी इथल्याच एका ओळखीच्या, मूळ रत्नागिरीकडच्या गॅरेजमालकाचा फोन आला. "साहेब, जरा येता का? प्रकरण पोलिसांत जायच्या आत."

एका गिऱ्हाइकाची हौसेने बनवून घेतलेली जुनी गाडी, इंजिनवर दोन कार्बोरेटर. दोन्ही सारखी हवा ओढतात का, हे कानाला रबरी नळी लावून ऐकायचं आणि स्क्रू फिरवायचा, हे तिथल्या उस्तादांचं काम. त्या दिवशी मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीचं, पॅकिंग फाटून हवा शिरत होती. गाडी सुरू केली तशी कार्बोरेटरमधून उलटी आग आली आणि वाकून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा हात भाजला. त्याने बजावलं होतं, "काम कोणी केलं ते उद्यापर्यंत सांगा, नाहीतर कम्प्लेंट करतो."

मी सगळ्यांना समोर उभं केलं. उस्ताद साठीच्या पुढचे, मंडणगडकडचे. शेजारी त्यांचा चाळिशीचा शागीर्द. उस्तादांनीच त्याला गावाहून आणून काम शिकवलेलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मैंने किया, साहेब. चूक माझी. खलास." उस्ताद शांतपणे हात पुसत राहिले.

मालकाने सुस्कारा सोडला. मला मात्र इतकी झटपट कबुली पचेना. शागिर्दाला बाजूला घेतलं.

"पॅकिंग कुठल्या बाजूचं फाटलं होतं?"

"डाव्या."

फाटलं होतं उजव्या बाजूचं. मी आत्ताच पाहून आलो होतो. शिवाय अशी गळती सूं सूं आवाज करते, म्हणे. मग नळी लावून बसणाऱ्याला ती ऐकू कशी आली नाही?

मी उस्तादांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. "चाचा, चहा घेणार?" हूं नाही की चूं नाही. मोठ्याने विचारलं, तरी नाही.

शागिर्दाच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, कुणाला बोलू नका. कान गेले हे कळलं तर व्हिसा कॅन्सल होईल त्यांचा. वर्षभर त्यांचं काम मीच गुपचूप तपासतोय. त्या दिवशी पार्ट आणायला गेलो होतो."

मी उस्तादांच्या समोर बसलो आणि ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, की याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय. त्यांना पत्ताच नव्हता! दोन हातांच्या अंतरावर उभं राहून त्याने कबुली दिली आणि ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. "या अल्ला," एवढंच म्हणाले, आणि शागिर्दाच्या एक थोबाडीत ठेवून दिली. मग त्यालाच धरून ढसाढसा रडले. "यल्ला, चल, मला त्या माणसाकडे ने."

त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. गिऱ्हाइकाने कम्प्लेंट केली नाही. उस्ताद महिन्याभरात गावी गेले आणि जाताना ती रबरी नळी शागिर्दाला देऊन गेले.

माझ्या नोकरीतही अर्ध्या तासात मिळालेली अशी एक कबुली आहे. धाकट्या भावाने दिलेली, थोरला शेजारी उभा असताना. कुठल्या बाजूचं, असा एकही प्रश्न मी विचारला नाही. जबाब घेतला, पुढचे पुरावे त्याला जुळवून घेतले आणि वरिष्ठांची शाबासकी घेतली. धाकट्याने तुरुंगात सात वर्षं काढली. ती केस मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.