डाव्या चाकाला ब्रेक नाही

डावं पेडल दाबलं आणि ते थेट तळाला टेकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आम्ही खंबातच्या आखातावर होतो. खाली गढूळ पाणी, समोर सौराष्ट्राचा किनारा दिसायला लागला होता.

उतरण्याआधी ब्रेक असे दाबून बघायचे असतात. पेडल घट्ट लागलं तर ब्रेकचं तेल जागेवर आहे, सहज खाली गेलं तर तेल गेलं. आमच्या छोट्या विमानात ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. डाव्या पायाला डावं चाक, उजव्याला उजवं. माझं उजवं पेडल ठणठणीत होतं आणि अडचण तीच होती. दोन्ही गेले असते तर विमान निदान सरळ धावलं असतं. एकच ब्रेक लागला की ते एका बाजूने वल्हवलेल्या होडीसारखं गर्रकन वळतं. वेगात वळलं तर पंख जमिनीला घासतो, आणि पंखात पेट्रोल असतं.

मागे शेठ आणि त्यांच्या आई, म्हणजे बा, बसल्या होत्या. शेठचा सुरतच्या कतारगामला हिऱ्यांचा कारखाना. विमान त्यांचं, मी पगारी पायलट. कुलदेवीच्या दर्शनाला सौराष्ट्रातल्या त्यांच्या गावी निघालो होतो. तिथली धावपट्टी आखूड आणि तिच्या टोकाला नाला. मी हेडफोनवर सांगितलं, डावा ब्रेक गेलाय, सुरतला परत फिरतो.

"एक तो है ना?" शेठ म्हणाले.

"उसी को तो छूना नहीं है, शेठ."

"मंदिर में सब राह देख रहे हैं."

"नाला भी राह देख रहा है."

मग शेठ म्हणाले, बरं, पण बांना काही कळू देऊ नका. बांनी हेडफोन लावलाच नव्हता. अंबाडा विस्कटतो म्हणून.

सुरतच्या टॉवरला सगळं कळवलं. धावपट्टी लांब, आणि दुपारचा समुद्राचा वारा समोरून. आणखी काय हवं? टॉवरने एक मोठं विमान वर घिरट्या घालत ठेवलं आणि अग्निशमनची गाडी बाहेर काढली. शेठनी ती खिडकीतून बघितली आणि बांचा हात धरला. मला भीती वाटत होती. शेठची नाही, माझ्याच उजव्या पायाची. इतक्या वर्षांची सवय, चाकं टेकली की तो आपोआप दाबतो. म्हणून टाच खाली तळाला ओढून ठेवली, म्हणजे पंजा ब्रेकपर्यंत पोचत नाही.

धावपट्टीच्या अगदी सुरुवातीला टेकवलं. पंखांच्या मागच्या पट्ट्या, फ्लॅप, पूर्ण खाली, नाक जमेल तितका वेळ वर. म्हणजे हवाच ब्रेकचं काम करते. मग नाक खाली आलं, मी इंजिन बंद केलं. पंखा थांबला. शांततेत आम्ही नुसते घरंगळत होतो. टॉवरने विचारलं, बाजूला कधी होणार? म्हटलं, होणार नाही, जिथे थांबेल तिथेच थांबेल. विमान धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेषेवरच थांबलं.

विमान ओढून हँगरमध्ये नेलं. आमचा इंजिनियर मूळचा धुळ्याचा, मी सुरतेतल्या खानदेशी वस्तीत, गोडादऱ्यात वाढलेला, आमचं आपसात अहिराणीत चालतं. तो चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "भाऊ, हाई काय शे?"

ब्रेकच्या तेलाच्या नळीला तारेने लिंबू-मिरची बांधलेली होती. माझी तपासणी झाल्यावर, चढता चढता बांनी बांधली होती. हवेत लिंबू हेलकावत राहिलं आणि तारेने नळी कापली. मिरच्या वाऱ्याने उडाल्या होत्या. लिंबू शाबूत होतं.

शेठ नको नको म्हणत होते, तरी मी बांना सरळ सांगितलं की ब्रेक या लिंबाने गेला. त्यांनी लिंबू हातात घेतलं, उलटसुलट बघितलं.

"पण पहोंची तो गया ने?"

"निघालो तिथेच पोचलो, बा."

"तो बस," त्या म्हणाल्या, आणि ते तेलकट लिंबू पदरात बांधून घेतलं.

पुढच्या वेळी दर्शनाला निघालो तेव्हा त्यांच्या हातात नवीन लिंबू आणि नवी तार होती. मी वाद घातला नाही. तार काढून घेतली, दोरा दिला आणि लिंबू त्यांच्याच सीटसमोर बांधलं. एक ब्रेक गेला तर लांब धावपट्टी गाठावी आणि दुसऱ्याला हात लावू नये, हे पुस्तकात आहे. श्रद्धेला विमानात जागा आपणच नेमून द्यावी, नाहीतर ती स्वतः शोधते, हे मात्र पुस्तकात नाही.