वेष्टनावरची बारीक अक्षरे

बारामतीच्या एका औषधांच्या दुकानात दर सोमवारी एक वयस्क गृहस्थ मला भेटत. भवानीनगरच्या साखर कारखान्यात त्यांची उभी हयात गेलेली. पत्नीला मधुमेह, त्यात कर्करोग. तिला जेवण जात नसे, म्हणून डॉक्टरांनी प्रोटीन बार सुचवले होते. गृहस्थ त्या बारना वड्या म्हणत आणि तिला चावता येईल ना, हे अंगठ्याने दाबून पाहत. बारीक अक्षरे त्यांना दिसत नसत, म्हणून वेष्टन वाचण्याचे काम माझे.

"मास्तर, साखर न्हाय ना?"

"नाही. गोडव्याला मॅल्टिटॉल आहे."

"नगं. त्यानं पोट बिघडलं तिचं. आन् ह्यात?"

"स्टीव्हिया. प्रथिने वीस ग्रॅम."

"मागनं कडू लागतंय, म्हणती. कारखान्यावरची हाय, गोडात फसायची न्हाय," असे म्हणून ते स्वतःशीच हसत.

गेल्या सोमवारी मी सवयीने चष्मा लावला, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वाचू नका. डॉक्टर म्हणलं, आता मागंल ते द्या. चवीला चांगली कंची, तेवढं सांगा."

इतके महिने मी नुसता वाचत आलो होतो. एकही वडी चाखून पाहिली नव्हती.