विषुववृत्तावरचे हिरवे दिवे

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेत सुट्टीचा गृहपाठ मुलांना नाही, आयांना असतो. करोल बागेत शाळेची मॉडेलं तयार मिळतात. ज्वालामुखी म्हणा, हृदय म्हणा, पैसे टाका आणि उचला. शी! ती मिरवत शाळेच्या गेटवर येणाऱ्या आयांना मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्यात!

मग आमच्या सातवीतल्या लेकीला, बाईसाहेबांना, विषय आला ध्रुवीय प्रकाश. तिने जुन्या प्लास्टिकच्या चेंडूत चुंबक बसवलं आणि वरून लोखंडाचा चुरा भुरभुरवला. चुरा दोन टोकांना जमला, मधला भाग जवळजवळ मोकळाच राहिला.

"बघ ना आई, सूर्यावर वादळ झालं की तो चार्ज्ड कण फेकतो. पृथ्वीचं चुंबक त्यांना पोल्सकडे वळवतं. तिथे ते वरच्या हवेवर आदळतात आणि हवाच चमकते! ऑक्सिजनमुळे हिरवी. म्हणून तर आपल्याला दिल्लीत दिसत नाही."

पोरीला सगळं कळलं होतं. पण चेंडूवर गोंदाचे ओघळ होते, आणि प्रदर्शनाला सगळ्यांचे आईबाप येणार होते. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गुरुग्रामच्या ऑफिसला दांडी मारून मी करोल बाग गाठलं.

दुकानातली पृथ्वी चकचकीत होती. बटण दाबलं की हिरवे दिवे लागायचे, तेही थेट विषुववृत्तावर, कंबरपट्ट्यासारखे.

"आई, हे चूक आहे. लाइट्स मध्ये नसतात."

"कोण बघतंय यार! तू फक्त बटण दाब." हे मी म्हणाले. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तिचा चेंडू मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला.

प्रदर्शनात परीक्षक बाई वाकल्या. "वाह बेटा, खुद बनाया?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी 'हो म्हण' अशी मान हलवली, निर्लज्जासारखी.

"जी मॅम," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. दिवे कुठे लागलेत, हे त्या बाईंनाही दिसलं नाही. पहिलं बक्षीस! मी हसत हसत फोटोही काढले. किळस येते मला त्या फोटोंतल्या माझ्या हसण्याची.

यंदा विषय आला सूर्यग्रहण. मी टॉर्च, लिंबू, चेंडू सगळं टेबलावर मांडलं आणि म्हटलं, "चल, दोघी मिळून करूया."

तिने मोबाइलमधून मानही वर केली नाही.

"कशाला आई? करोल बागेत मिळेल ना."