बाप्तिस्म्याच्या धड्यानंतर

इंदूरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत मी दहावीच्या कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण शिकवते. बाकीचा वर्ग नीतिशिक्षणाला बसतो, तेव्हा माझी मूठभर मुलं लायब्ररीच्या कोपऱ्यात येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बायबलमध्ये डायनासोर का नाहीत, रविवारी चर्चमधली मिस्सा चुकली तर खरंच पाप लागतं का. उत्तरं मला पाठ होती.

एकदा तास संपल्यावर राजेंद्र नगरहून येणारी मुलगी मागे थांबली. तिचे वडील कॅथलिक, आई इथल्याच मराठी हिंदू घरातली. नुकताच तिला भाऊ झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी गेला होता.

"मिस, बाप्तिस्म्याशिवाय बाळ गेलं तर कुठे जातं?"

"चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं," मी म्हटलं.

"मतलब, माहीत नाही?"

"आशा धरायला सांगितलंय."

तिने मान हलवली, बॅग उचलली आणि गेली.

मी काही चुकीचं बोलले नव्हते. तरी पेपर तपासताना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. विजय नगरच्या सिग्नलवर मागचा स्कूटरवाला ओरडला, "मॅडमजी, हरा हो गया," तेव्हा कुठे भानावर आले. फादरना विचारलं. तेही तेच म्हणाले आणि चहा पुढे केला. तो मला पिववेना.

पुढच्या तासाला ती आलीच नाही. मग मीच तिच्या घरी गेले.

आईने दार उघडलं. अजून अशक्त होती. "बरं झालं आल्या तुम्ही. ही धड जेवत नाही, बोलत नाही." एवढं सांगून ती चहा करायला आत गेली.

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हीच शिकवलं होतं ना, इमर्जन्सीत कोणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं? मी पाण्याची बॉटल घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले होते, मिस. काचेच्या बाहेरच उभी होते. सिस्टरने अंदर सोडलंच नाही."

तो धडा मी परीक्षेसाठी घेतला होता.

"तुझा हात पोचला नाही, एवढंच," मी म्हटलं. "देव त्यासाठी अडून बसला असेल, असं मला वाटत नाही."

"बुकमध्ये आहे हे?"

"असंच्या असं नाही."

"मग तुम्ही कसं सांगता?"

"अडून बसणारा देव मला मानता येत नाही, म्हणून."

तेवढ्यात आईचा आवाज आला. ती दारातच उभी होती, केव्हापासून कोण जाणे. "मला का नाही सांगितलंस बेटा? मी तर आत त्याच्याजवळच होते. मी घातलं असतं पाणी."

"तुला चाललं असतं?"

"त्याच्यासाठी काय नसतं चाललं?"

मुलगी उठली, आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. गॅसवर चहा उतू गेल्याचा वास आला. मी आत जाऊन गॅस बंद केला आणि त्या दोघींना तसंच सोडून बाहेर पडले.

नंतर ती वर्गात यायला लागली. जेवते आता, असं आई म्हणाली. मी शिकवतेच आहे. पण हल्ली एखादं वाक्य बोलून झालं की थांबते आणि मुलांचे चेहरे बघत राहते. यातलं कोण काय घरी घेऊन जाणार, ते चेहऱ्यांवरून कळत नाही.