जेवण बाहेर करणाऱ्या बाईला खोली नाही

जर्मनीतल्या माझ्या विद्यापीठाच्या लेखी अकोला म्हणजे परदेश. म्हणून मी, जन्माने पुणेकर, अर्जातल्या 'परदेशातील निवास' या रकान्यात दिमाखात 'स्थानिक कुटुंबाकडे' असं लिहिलं आणि जानेवारीत निघाले. भाजी पिकवणाऱ्या घरांतल्या बायका घरचं बियाणं कसं राखतात, हा माझा विषय. लॉजवर उतरलेल्या बाईसमोर कोण बियाण्याचं गाडगं उघडणार? घर मिळालं नाही तर माझा प्रबंध तिथेच आटोपणार होता.

अकोल्यात उतरून मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात गेले. तिकडे सकाळीच जा. नंतर गल्ल्यांत हातगाड्या आणि दुचाकी एकमेकांना वाट देत नाहीत. एका निवृत्त शिक्षकांच्या घरी माडीवरची खोली पाहिली. खिडकी, टेबल, पंखा, सगळं मनासारखं. काकूंनी पोहे पुढे केले. मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, की माझा तुम्हाला काडीचा त्रास होणार नाही, जेवणखाण मी बाहेरच करीन. वर पोहेही नाकारले. काकू नुसत्या 'बरं' म्हणाल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला, त्या खोलीत नणंद राहायला येतेय.

दुसऱ्या दिवशी बसने बार्शीटाकळी गाठलं. दोन घरं पाहिली, दोन्हीकडे तेच वाक्य म्हटलं आणि दोन्हीकडे अचानक नणंदा यायच्या निघाल्या. वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या नणंदा एकाच आठवड्यात माहेरी का निघाल्या, याचं मला खरोखर नवल वाटलं.

चौथ्या दिवशी एसटीने अमरावतीला आले. तिथून वलगावला शेअर ऑटो मिळतो, स्वस्त आहे, पण भरल्याशिवाय हलत नाही. वांगी आणि सांभार (आपली कोथिंबीर) पिकवणाऱ्या सुमनमावशींचं नाव मला अमरावतीच्या भाजीबाजारात कळलं होतं. गेले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. मी वाक्य सुरू केलं आणि त्यांचे हात थांबले.

"आमच्या घरी राहशीन अन् जेवाले दुसरीकडं जाशीन? लोकं काय म्हनतीन आमाले?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"घरच्या मानसाचा तरास रायते का?"

सगळ्या नणंदांचा उलगडा मला तिथेच झाला. लाज वाटली. भूकही कडकडून लागली होती. ताटावर बसले. वांग्याच्या भाजीने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसरी भाकर मागून घेतली. मावशींनी ती वाढली आणि मागची खोली झाडायला घेतली.

तिथे मी सहा आठवडे राहिले. गाडग्याचं नाव काढलं नाही; सांभार निवडू लागले, जुड्या बांधू लागले. एका दुपारी मावशींनीच राखेत ठेवलेलं वांग्याचं बी माझ्यापुढे सुपात ओतलं.

"बाहेरच्याले दाखवत नाई आमी," एवढंच म्हणाल्या.

मला वही उघडायचंही सुचलं नाही.

तुम्ही कुणी अभ्यासासाठी तिकडे जाणार असाल तर भूक घेऊन जा. तिखटाची सवय नसेल तर दही मागा, कुणी हसत नाही. म्हणजे हसतात, पण दही देतात.

परत येऊन प्रबंध लिहायला बसले. माहिती देणाऱ्यांचा विश्वास कसा संपादन केला, हे पद्धतीच्या प्रकरणात सांगावं लागतं. मी लिहिलं, 'दुसरी भाकर मागून.' प्राध्यापकांनी समासात लाल शाईने विचारलं, संदर्भ?

मी खाली लिहून दिलं, सुमनमावशी, वलगाव.